ठिपक्यांची रेघ

माझ्या भाचीच्या अंगातली साखर दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर येते. ती दारव्ह्यात राहते. मी यवतमाळात, एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कचेरीत बसतो. आकड्याशेजारी एक बाण असतो. तो आडवा असला तर साखर स्थिर, वर असला तर चढती, खाली असला तर उतरती. दोन बाण खाली आले की हातातलं काम सोडून फोन करायचा, असं आमच्यात ठरलेलं आहे.

आकड्याखाली आलेख असतो. होऊन गेलेलं त्यात सलग रेघेने दिसतं. पुढच्या अर्ध्या तासात साखर कुठे जाईल, तो अंदाज ठिपक्यांनी काढलेला असतो. ठिपके दर पाच मिनिटांनी पुसले जातात आणि नव्याने उमटतात. पहिल्या दिवसापासून माझी नजर सलग रेघेपेक्षा ठिपक्यांवर जास्त जाऊ लागली. बहिणीचंही तसंच झालं.

भाची आता पाचवीत आहे. आजार कळला तेव्हा तिसरीत होती. त्या उन्हाळ्यात ती पाणी फार पिऊ लागली. फ्रॉक ढिले पडले. उन्हाचे दिवस आहेत म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या आणि श्वास खोल, जोरात चालू लागला. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी तिचं बोट टोचून थेंब पट्टीवर घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि ताबडतोब यवतमाळला न्यायला सांगितलं. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. मेहुण्यांनी तिला गाडीतून उचलून आणलं, तेव्हा तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्याचा तो वास, हे मला नंतर कळलं.

मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालं आहे आणि ते पुन्हा सुरू होणार नाही. रोज इंजेक्शनं लागतील, आयुष्यभर. बहिणीने विचारलं, कोणत्या गोड खाण्यामुळे झालं. डॉक्टर म्हणाले, कोणत्याच नाही. त्यांनी दुसरीही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली. साखर वाढलेली हळूहळू त्रास देते, पण कमी झालेली काही मिनिटांत बेशुद्ध करू शकते. तशा वेळी साखरच द्यायची.

बहिणीने दोन्ही वाक्यं पाठ केली. तिच्या गल्लीने पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट धरली. या पोरीला शुगर आहे, हिला साखर चालत नाही. वाढदिवसाचा केक तिच्यापुरता बाजूला ठेवला जाई. दुकानदार तिच्या हातावर गोळी ठेवत नसे. हे सगळं मायेने चाललं होतं. बहीण सुरुवातीला समजावून सांगायची, पुढे तिने सोडून दिलं.

दंडावरची चकती वर्षभरानंतर आली. रुपयाच्या नाण्याएवढी, चिकटपट्टीने बसवलेली, तिच्या खाली केसाएवढी बारीक तार कातडीत गेलेली. चकती आकडा भाचीच्या फोनला देते, तिचा फोन तो आम्हा दोघांना पाठवतो. मेहुण्यांचं कृषी केंद्र आहे. हंगामात त्यांना फोन कानाला लावायला फुरसत नसते. म्हणून बहिणीने दुसरं नाव माझं घातलं.

"तू दिवसभर स्क्रीनसमोरच बसून राह्यतं, दादा," ती म्हणाली. "बातम्या पाह्यतं तशी इच्याकडंही एक नजर टाकत जा."

आमच्या धंद्यात अंदाजाशी रोजचा संबंध येतो. पावसाचा, पिकाचा, निकालाचा. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक नियम सांगण्यात आला. अंदाज छापायचा तर तो कोणाचा, हे त्याच वाक्यात लिहायचं. ज्याने सांगितलं तो कशावरून सांगतो आहे, हे विचारायचं. फोनवरच्या ठिपक्यांना मी हे दोन्ही प्रश्न विचारले होते. उत्तर सोपं होतं. ते तीन गोष्टींवरून काढलेले असतात. साखर आतापर्यंत कशी चालली, इन्सुलिन किती टोचलं आणि खाणं किती होणार. पहिली गोष्ट चकती मोजते. उरलेल्या दोन बहीण फोनमध्ये भरते.

पावसाळ्यात ठिपक्यांनी आमचा विश्वास मिळवला. शाळेत खेळाच्या तासाला ती धावत असताना आकडा चांगला होता, पण ठिपके खाली वळले. बहिणीने शाळेत फोन केला. बाईंनी तिला सावलीत बसवून ग्लुकोजची पुडी पाजली. थोड्या वेळाने आकडा खरोखर घसरला आणि धोक्याच्या वर थांबला. असं पुन्हा पुन्हा झालं. बहीण ठिपक्यांविषयी घरातल्या माणसासारखं बोलू लागली. ते वर चाललेत, ते ऐकत नाहीत, ते आज शांत आहेत.

त्या महिन्यांत साखर वरचेवर खालच्या काठाला टेकून येत होती. वरच्या आकड्यांची बहिणीला जास्त धास्ती होती, त्यामुळे डोस थोडे कडक पडत. आलेखावर खालच्या बाजूला लहान लहान खड्डे दिसत. आम्ही ते भरून निघाले एवढंच पाहत होतो.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसली. आमच्याकडे ती कोजागिरीपर्यंत असते. मातीची भुलाबाई आणि भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की खाऊ. बहिणीच्या गल्लीत रोज एका घरची पाळी असते. त्या घरची बाई झाकणाचा डबा घेऊन येते, मुलींच्या कानाशी वाजवते, आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत डबा उघडत नाही. खाऊ काय आहे हे कोणालाही आधी सांगायचं नाही, याबाबतीत बायका फार कडक असतात. कोणालाच ओळखू आला नाही असा खाऊ केला तर त्या घरची दोन दिवस चर्चा होते.

इन्सुलिनला हा खेळ चालत नाही. ते खाण्याच्या आधी पंधरा-वीस मिनिटं टोचावं लागतं, म्हणजे खाणं रक्तात उतरताना तेही कामाला लागतं. किती टोचायचं हे खाण्यात काय आहे त्यावर ठरतं. बहिणीपुढे दोन मार्ग होते. भाचीला खाऊ खाऊ द्यायचा नाही, किंवा तो आधी माहीत करून घ्यायचा. पहिला तिने आदल्या वर्षी करून पाहिला होता. मुली खात असताना भाची टिपऱ्या हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. म्हणून या वर्षी तिने घरोघरी जाऊन सांगितलं की, मला एकटीला दुपारी फोन करायचा. पोरीला कळणार नाही, ही माझी जबाबदारी.

बायकांनी ते मानलं. दुपारी फोन यायचा, शिरा आहे, नाहीतर चिवडा आहे, नाहीतर खोबऱ्याच्या वड्या आहेत. संध्याकाळी भाची निघण्याआधी बहीण फोनमध्ये तो पदार्थ भरायची, इन्सुलिनचं पेन फिरवायची आणि टोचायची. भाची फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि टिपऱ्या घेऊन पळायची.

पहिल्या आठवड्यातच ती रोज जिंकू लागली. डबा कानाशी आला की बाकीच्या मुली शेंगदाणे, मुरमुरे, लाडू असं काहीबाही म्हणत राहत. ही गोड आहे की तिखट ते आधी सांगून टाकायची, मग त्यातल्या त्यात नाव ओळखायची. मुलींनी दोन-तीन दिवस काढले आणि मग तिला घेरलं.

"तुले पहिलेच माहीत रायते," एकजण म्हणाली. "तुयी माय सांगते."

"नाही सांगत."

"मंग तुया दंडावरलं ते यंत्र सांगत असन."

सगळ्या हसल्या. भाचीही हसली. बहिणीने देवाची शपथ घेऊन सांगितलं की आपण पोरीला काही सांगितलेलं नाही, आणि ते खरं होतं. त्या रविवारी मी दारव्ह्याला गेलो तेव्हा भाचीनेच मला ओसरीत बसून गुपित सांगितलं. पेनाच्या मागच्या टोकाला एक लहान खिडकी असते, तीत आकडा दिसतो. माय पेन फिरवते तेव्हा ही तिथे पाहते.

"तीन आलं की गोड," ती म्हणाली. "एक आलं की तिखट. तू कोनाले नको सांगू, मामा."

मी कोणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पोर हुशार आहे, एवढंच वाटलं.

बायकांना मात्र हे सलू लागलं होतं. खाऊ रोज फुटतो याचा अर्थ कुठून तरी बाहेर जातो. समोरच्या घरातल्या बाई बहिणीच्या जवळच्या. भाची त्यांच्या मांडीवर वाढलेली. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांच्या घरची पाळी आली त्या दिवशी त्यांनी दुपारी बहिणीला फोन करून सांगितलं की खव्याची बर्फी आहे.

त्या संध्याकाळी मी कचेरीत होतो. पानं लावायची वेळ होती. आमच्या मुख्य पानावर पांढरकवड्याकडच्या एका अपघाताची बातमी अजून पुरी यायची होती. फोन कीबोर्डच्या बाजूला ठेवलेला होता. आकडा एकशे चाळीसच्या आसपास, बाण आडवा. थोड्या वेळाने बहिणीने टोचल्याची आणि बर्फी भरल्याची खूण आलेखावर उमटली. ठिपके वर वळले. बर्फीला ते तसेच वळायला हवे होते.

काही वेळाने आकडा एकशे अठरा झाला आणि बाण खाली झुकला. ठिपके वरच होते. पुढच्या वेळी एकशे एक. मी बहिणीला फोन केला.

"गाने लांबले असन," ती म्हणाली. "आज त्यायच्या घरी पाहुन्याही आल्या हायेत. आता पोरगी खाईन बर्फी. तू ठिपके पाय ना, वर चालले की नाही?"

ठिपके वर चालले होते. मी फोन ठेवला. बातमीतल्या मृतांच्या गावाचं नाव दोन जागी वेगळं आलं होतं, ते पडताळून पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं तेव्हा शहाऐंशी होतं आणि खाली दोन बाण होते. सलग रेघ उतारावरून सरळ खाली आली होती. तिच्या टोकापासून ठिपके निघत होते आणि ते वर, डोंगर चढावा तसे चढत होते. दोन्ही रेघा एकाच मुलीच्या होत्या. त्यांतली एक खोटी होती, आणि सलग रेघ मोजून काढलेली होती.

मी तेव्हा तो प्रश्न पुन्हा विचारला. ठिपके कशावरून सांगताहेत? बर्फीवरून. बर्फी कोणी सांगितली? बहिणीने. तिला कोणी?

बहिणीचा फोन वाजत राहिला. नंतर कळलं की नळ आले होते. दारव्ह्यात नळ आले की बाकी सगळं थांबतं. मोटार सुरू होती, ती मागच्या अंगणात पाइप धरून टाकी भरत होती आणि फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. मेहुण्यांचा फोन व्यग्र लागला.

माझ्या फोनने धोक्याचा सूर काढला. एकोणसत्तर. बाण तेच. भाचीचा फोनही तिच्या गळ्यात याच सुरात वाजत असणार. मी तिचा नंबर लावला.

बराच वेळ कोणी उचलला नाही. मग एकदम टिपऱ्या आणि मुलींचा गोंगाट ऐकू आला, आणि त्यावरून वहिनींचा आवाज. त्या आनंदात होत्या.

"भाऊ, आज हरवलं तुमच्या भाचीले," त्या म्हणाल्या. "बर्फी म्हने. मी डब्यात वाळकाच्या फोडी टाकल्या, मीठ-तिखट लावून. तिचं काही चाललंच नाही."

वाळूक म्हणजे शेतातली काकडी. त्यात जवळपास पाणीच असतं. तीन युनिट इन्सुलिनसमोर एक ओंजळ पाणी.

मी विचारलं, ती काय करते आहे.

"बसली हाये भिंतीले टेकून. रुसली असन. या फोनचं कवाचं टुणटुण चालू हाये, मी म्हनलं तुमचाच फोन असन, म्हनून काढला तिच्या गळ्यातून."

"बोलते का?"

त्यांनी तिला हाक मारल्याचं ऐकू आलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. टिपऱ्यांचा आवाज थांबत गेला.

"नाही बोलून राह्यली," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हसून राह्यली नुसती. भाऊ, इचा सदरा पाठीवर पुरा वला हाये."

मी सांगितलं की पेलाभर पाण्यात मूठभर साखर घाला आणि तिला पाजा, आत्ता, फोन न ठेवता.

मुलींची कुजबुज येत होती.

"साखर?" त्या म्हणाल्या. "भाऊ, तिले साखर कशी देऊ? तिले तर शुगर हाये."

दीड वर्ष सगळी गल्ली हेच शिकली होती. वहिनींनी स्वतःच्या दारावरून किती कुल्फीवाले परत पाठवले असतील. त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा होता, आणि जोडीला ताटात खरी बर्फीही होती. गंमत झाल्यावर ती द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी या दोन्हींपासून एका खोलीच्या अंतरावर बसली होती.

"साखरच द्या, वहिनी," मी म्हणालो. "आता नाही दिली तर ती बेशुद्ध पडेल. काही झालं तर माझ्यावर टाका."

त्यांनी फोन खाली ठेवला असावा. भांड्याचा आवाज आला, चमचा पेल्यावर आपटत होता. कोणीतरी लहान मुलगी रडू लागली. वहिनी भाचीला नावाने हाका मारत होत्या, घोट घे, घोट घे म्हणत होत्या. तिचे दात पेल्याच्या काठावर वाजत होते, तो आवाज मला यवतमाळात ऐकू येत होता. एकदा ठसका लागला. मी ओरडून सांगितलं की आडवी करू नका, बसवून पाजा. ते कोणी ऐकलं की नाही, माहीत नाही.

समोरच्या स्क्रीनवर आकडा अठ्ठावन्न झाला. नंतर एकोणपन्नास.

चकती रक्त मोजत नाही. ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते आणि तिथला बदल रक्तापेक्षा दहा-पंधरा मिनिटं उशिरा कळतो. हे मला माहीत होतं. साखर पोटात गेली असेल आणि आकडा तरी पडत राहील, हेही माहीत होतं. साखर पोटात गेलीच नसेल तर तो असाच पडेल, हेही. दोन्ही बाबतींत स्क्रीन सारखीच दिसते. ठिपके अजून वर चढत होते. त्यांच्या हिशेबी तिने बर्फी खाल्ली होती.

मग फोनवर बहिणीचा आवाज आला. एक मुलगी धावत जाऊन तिला घेऊन आली होती. बहीण ओरडली नाही. तिने वहिनींकडून पेला घेतला असावा, कारण चमच्याचा आवाज संथ झाला. ती एका सुरात बोलत राहिली, घे बाई, अजून एक, अजून एक घे. बऱ्याच वेळाने भाचीचा आवाज आला. तो जड होता.

"वाळूक होतं," ती म्हणाली.

बातमी माझ्या सहकाऱ्याने पुरी केली. मी मोटारसायकलने दारव्ह्याला निघालो. पोचलो तोवर ती गावातल्या दवाखान्यात होती, हाताला ग्लुकोज लावलेलं. साखर एकदा वर येऊन पुन्हा घसरू लागली होती, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून संपलं नव्हतं. ते संपेपर्यंत थांबण्याखेरीज काही करायचं नव्हतं. बहीण पलंगाच्या एका बाजूला होती, वहिनी दुसऱ्या. वहिनींच्या पदराला तिखट लागलं होतं. त्या मला पाहून उभ्या राहिल्या आणि मी विचारलं नसतानाच सांगू लागल्या की रोज तीच ओळखते म्हणून फक्त एक दिवस फसवायचं होतं.

बहीण म्हणाली, "वहिनी, बसा."

एवढंच. वहिनी बसल्या. त्यावर त्या दोघींमध्ये पुढे काही बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातून नेहमीसारखी दह्याची वाटी आली.

त्या आठवड्यात आम्ही तिला यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. बहिणीला वाटत होतं की ते ठिपक्यांविषयी बोलतील. चुकीचं खाणं भरलं म्हणून अंदाज चुकला, यात बोलण्यासारखं काही नाही, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. ते भाचीकडे वळले.

"तुला काय होत होतं तेव्हा? हात थरथरले? भूक लागली? छातीत धडधडलं?"

भाचीने विचार केला. "काहीच नाही झालं," ती म्हणाली. "मले वाटलं, मी चांगली हाये."

डॉक्टरांनी तो प्रश्न आणखी दोन प्रकारे विचारला. उत्तर तेच आलं. मग त्यांनी मागच्या दोन महिन्यांचा आलेख उघडला आणि खालच्या काठाचे ते लहान खड्डे एकेक करून बोटाने दाखवले. शाळेतला, रविवारचा, पोळ्याच्या दिवशीचा. साखर उतरली की शरीर आधी घंटा वाजवतं, ते म्हणाले. धडधड, थरथर, भूक. साखर वरचेवर उतरू लागली तर शरीर त्याला सरावतं आणि घंटा वाजवणं बंद करतं. मग माणूस हसत बसून राहतो.

बहिणीने विचारलं, घंटा परत येते का.

"बहुतेकांची येते," डॉक्टर म्हणाले. काही आठवडे साखर जराशी वरच ठेवायची, एकदाही खाली जाऊ द्यायची नाही. आणि रोज, फोनकडे पाहण्याआधी, तिला विचारायचं की आता किती असेल. तिचा तिने अंदाज सांगायचा, मग आकडा पाहायचा. आतल्या आत ओळखायची सवय परत लागली पाहिजे. यंत्र कधी बंद पडेल, चकती कधी निघेल, फोन कधी दुसऱ्या खोलीत राहील. बहुतेकांची म्हणजे कितींची, हे मी विचारलं. ते म्हणाले, हिचं हिच्यावरूनच कळेल.

कोजागिरीपर्यंत भुलाबाई चालू राहिली. बहिणीने ती बंद केली नाही. आता डबा आधी तिच्या दारात उघडला जाई, ती स्वतः डोळ्यांनी पाही, आणि इन्सुलिन खाणं झाल्यावर टोची. त्याने साखर चढायची आणि बराच वेळ वर राहायची. तेवढं चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता पेनाच्या खिडकीत पाहून भाचीला काही कळत नव्हतं. ती बाकीच्या मुलींसारखीच ओळखू लागली आणि बऱ्याचदा हरली. त्या तिला चिडवत नव्हत्या. डबा वाजला की त्या आधी तिच्या तोंडाकडे पाहत.

दिवाळीच्या थोडं आधी मी एका दुपारी दारव्ह्याला गेलो. मेहुणे दुकानात होते. भाची ओसरीत पाटीवर गणितं करत होती. बहीण आतून आली आणि पदराला हात पुसत तिच्याजवळ बसली. फोन तिने उलटा धरला होता. धोक्याच्या सुरावरून ओळखता येऊ नये म्हणून विचारण्याआधी ती दोन्ही फोन मुके करायची. माझा फोन मोटारसायकलला लावलेल्या पिशवीत राहिला होता, त्यामुळे मलाही आकडा माहीत नव्हता.

"सांग बाई, किती?"

भाचीने खडू खाली ठेवला. डोळे मिटले. मान थोडी कलती केली, डब्याच्या आवाजाला करायची तशीच. ती घाई करत नव्हती. चेहरा शांत होता, गालांवर रंग होता. मला तिच्यात काही वेगळं दिसलं नाही.

"एकशे वीस," ती म्हणाली. "एकशे वीस नाहीतर एकशे पंचवीस."

बहिणीने फोन सुलटा केला. पाहिला. माझ्यासमोर धरला. चौपन्न होतं. खाली दोन बाण होते, आणि या वेळी ठिपकेही सलग रेघेच्या पुढे सरळ खालीच जात होते.

बहीण उठली आणि आत गेली. फळीवरून साखरेचा डबा काढल्याचा आवाज आला.

भाची माझ्याकडे पाहत होती. ती हसत होती.

"बरोबर हाये का, मामा?" तिने विचारलं.